न आलेल्या अध्यक्षांची खुर्ची

मिस डोरोथी हसायला लागल्या तेव्हा मला वाटलं, आठ नंबरचं डोकं त्यांना आवडलं. मग त्या हसत हसत रेझिनच्या रिकाम्या ड्रमवर बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकलंय.

आमचे फोरमन सावंत शेजारीच उभे होते. ते डोकं त्यांनी स्वतः घडवलं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या बाई हसतात कित्याक?"

"विचारते."

"मृणाल," मिस डोरोथी म्हणाल्या, "हा चेहरा तुम्ही कशावरून केलात?"

"फोटोवरून. इंटरनेटवर एकदम क्लिअर फोटो मिळाला."

"फोटो!" त्यांना पुन्हा हसण्याची उबळ आली. "अगं, हा माणूस वारला तेव्हा कॅमेऱ्याचा शोधसुद्धा लागला नव्हता!"

त्या फोटोतले गृहस्थ वेगळेच निघाले. नाव तेच, पण देश दुसरा, खंड दुसरा, शतकही पुढचं. इंटरनेटवर कुणीतरी दोघांची गाठ मारून दिली होती आणि आम्ही त्यावर अक्षता टाकून मोकळे झालो होतो.

मी सावंतांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी डोकं उजेडाकडे फिरवलं. मग म्हणाले, "पण मॅडम, काम बघा ना. कान बघा."

कान खरंच सुंदर झाले होते.

मी दुबईत, रास अल खोरला, एका एक्झिबिशन कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मॉलमध्ये सणाच्या वेळी उभा राहणारा मोठा उंट, हॉटेलच्या लॉबीतलं जहाज, प्रदर्शनातला दगडी किल्ला, हे सगळं आमच्यासारखे लोक करतात. दगडी किल्ला दगडाचा नसतो आणि उंटाला पाठीमागून दार असतं. पुतळा करायचा तर आधी मातीत घडवायचा, त्याचा साचा काढायचा, साच्यात काचेच्या धाग्यांची जाळी अंथरून वर रेझिन लावायचं. ते सुकून कडक झालं की साचा सोडवायचा. आतून पोकळ, बाहेरून दोनशे वर्षांचा म्हातारा. यालाच आम्ही फायबरचं काम म्हणतो.

आमचे मालक फादी. लेबनॉनचे. मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. सावंत कुडाळकडचे. गावी गणपती करायचे. त्यांनी केलेल्या कुठल्याही पुतळ्याचं नाक जरासं कुडाळचं होतंच, मग तो पुतळा अरब खलाशाचा असो की युरोपातल्या राणीचा. अजून एकाही क्लायंटनं तक्रार केलेली नाही.

तर ही ऑर्डर. जबल अलीच्या बाजूला एक अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा आहे. मिस डोरोथी तिथे इतिहास शिकवायच्या. निम्मं आयुष्य त्यांनी त्या शाळेत काढलं. जूनमध्ये रिटायर होऊन त्या कायमच्या अमेरिकेला जाणार होत्या. शाळेनं त्यांना विचारलं, निरोपाची भेट म्हणून काय हवं? घड्याळ, दागिना, गालिचा? त्या म्हणाल्या, "ऑडिटोरियमच्या बाहेरचा हॉल द्या. मला तिथे माणसं बसवायची आहेत."

पहिल्या मीटिंगला फादी आणि मी गेलो. मिस डोरोथींनी बसायच्या आधीच प्रश्न टाकला.

"अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष कोण?"

फादींनी छाती फुगवून डॉलरच्या नोटेवरच्या गृहस्थांचं नाव सांगितलं. राजधानीलाही ज्यांचं नाव आहे, तेच.

"माझ्या हिशेबानं ते पंधरावे," मिस डोरोथी म्हणाल्या.

फादींनी माझ्याकडे पाहिलं. क्लायंट वेडा असला तर ते असंच पाहतात.

मग मिस डोरोथींनी समजावलं. अमेरिकेची राज्यघटना नंतर आली. त्याआधी बरीच वर्षं तिथे फक्त काँग्रेस होती, म्हणजे वेगवेगळ्या राज्यांच्या प्रतिनिधींची सभा. ती सभा आपल्यातलाच एक अध्यक्ष निवडायची. असे एकूण चौदा जण होऊन गेले. युद्ध त्यांच्या काळात झालं, तहही त्यांच्याच काळात झाला. पण अध्यक्षांच्या हातात सत्ता म्हणावी अशी नव्हतीच. सभा चालवायची, पत्रांवर सह्या करायच्या, आल्यागेल्याला जेवायला घालायचं. मत एकच, तेही आपल्या राज्याबरोबर.

"म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन," मी म्हणाले.

"तुमच्या चेअरमनना कोरम मिळतो का?"

"कधीच नाही."

"यांनाही मिळायचा नाही!" त्या आनंदानं टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "इंग्लंडशी केलेला तह मंजूर करायचा होता. इतकं मोठं युद्ध जिंकलेलं. आणि सभेला पुरेशी माणसंच येईनात. थंडीत वाट बघत बसले बिचारे."

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा ठराव असाच दोन दिवाळ्या अडकला होता. त्या क्षणी ते चौदा जण मला घरचे वाटायला लागले.

त्यांची नावं मी इथे देत नाही. दिली तरी हा लेख संपेपर्यंत तुम्ही विसराल. अमेरिकन लोक विसरले, तिथे आपलं काय? वर्कशॉपमध्ये आम्हीही नंबरांनी आणि टोपणनावांनीच काम चालवलं. तीन नंबर सहीवाले, कारण त्यांनी स्वातंत्र्याच्या कागदावर सगळ्यांत मोठी सही केली होती. चार नंबर किल्लेवाले, कारण अध्यक्षपद सोडल्यावर त्यांना समुद्रात पकडून इंग्रजांनी लंडनच्या किल्ल्यात डांबलं होतं. आणि आठ नंबर, त्या हसण्याच्या दिवसापासून, फोटोवाले.

प्रिन्सिपल मिस्टर नबील यांना हा विषय अजिबात पटला नव्हता.

"मिस डोरोथी, पालक विचारतील, पहिला पंधरावा कसा? आज हे विचारतील, उद्या फीबद्दल विचारतील."

"विचारू देत. शाळा विचारायलाच असते."

"एक तरी ओळखीचा चेहरा ठेवा. मधोमध. नोटेवरचा."

"नबील, त्या माणसाला नोट आहे, राजधानी आहे, स्मारकाचा मोठा खांब आहे. यांना एक हॉल तरी असू दे."

शेवटी नबील तयार झाले, पण एका अटीवर. उद्घाटनाला अमेरिकेहून शाळेच्या ट्रस्टचे मोठे पाहुणे येणार होते, मिस्टर ब्रॅडली. निवृत्त न्यायाधीश. त्यांना हा प्रकार आवडला तर हॉल कायम राहणार. नाही आवडला, तर दुसऱ्या दिवशी सगळं उचलून स्टोअरमध्ये आणि हॉलमध्ये शाळेच्या ट्रॉफ्यांची कपाटं.

गाडीत बसल्यावर फादी मला म्हणाले, "मृणाल, शाळेची नवी लायब्ररी पण आपल्याला मिळू शकते. हा तुझा पहिला सोलो प्रोजेक्ट. बिघडला, तर परत कार्पेटचे नमुने. खलास."

कार्पेटच्या नमुन्यांवर मी वर्षभर होते. मला शिंका येतात.

मिस डोरोथींना सगळे अध्यक्ष बसलेले हवे होते. अर्धवर्तुळात, खुर्च्यांवर, सभा चालू असल्यासारखे. डिझाईन माझं होतं. एक बुटका प्लॅटफॉर्म, मागे गडद निळा पडदा, आणि प्रत्येक पुतळ्याच्या आतून एक स्टीलची फ्रेम, जी खाली प्लॅटफॉर्मला बोल्ट केलेली. म्हणजे पुतळ्याचं वजन स्टीलवर. खुर्ची नुसती दाखवायला, पातळ एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीची, आणि फायबरची, त्याच्याभोवती बसवलेली. मागची बाजू पडद्याला लागून, कुणाला दिसणार नाही, म्हणून उघडीच. आमच्या धंद्यात जे दिसत नाही ते करायचं नसतं.

ड्रॉइंग पास करताना मिस डोरोथी म्हणाल्या, "खुर्च्या पंधरा हव्यात. अकरा आणि बारा नंबरच्या मध्ये एक रिकामी."

"ती कुणाची?"

"सहीवाल्यांची. त्यांना पुन्हा एकदा निवडून दिलं होतं. पण तब्येत बरी नव्हती. ते आलेच नाहीत! महिनोन्‌महिने सभेनं दुसऱ्यांकडून काम चालवलं आणि शेवटी त्यांनी घरूनच राजीनामा पाठवला."

फादींना ही कल्पना फारच आवडली. "सगळ्यांत सोपा पुतळा," ते म्हणाले. "मृणाल, हा मी स्वतः करतो."

पुतळा नाही म्हणजे फ्रेमही नाही. पंधरावी खुर्ची आम्ही तशीच केली. नुसतं टरफल.

फोटोवाल्यांचं डोकं पुन्हा घडवायचं ठरलं तेव्हा उद्घाटन अगदी तोंडावर आलं होतं. मिस डोरोथींनी एका जुन्या तैलचित्राची छापील प्रत आणून दिली. सावंतांनी मातीला हात घातला. पण जून महिना. दुबईतल्या जूनमध्ये रेझिनला धीर नसतो. रेझिन सुकावं म्हणून त्यात हार्डनर घालतात. हिवाळ्यात घालतो तेवढा उन्हाळ्यात घातला तर ते साच्यात जायच्या आधी बादलीतच दगड होतं. पहिल्या खेपेला तेच झालं. बादली, रेझिन आणि ब्रश मिळून एकच वस्तू तयार झाली. सावंतांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली.

"घ्या. पंधरा नंबर."

अख्खं वर्कशॉप हसलं. मीसुद्धा. खरं तर रडायची वेळ होती, पण त्या आठवड्यात आम्हाला कशाचंही हसू येत होतं. शिंप्याकडून मखमली कोट आले. ते घालून बघायला म्हणून अर्धा स्टाफ अमेरिकन झाला. पॉलिशवाले दोघे एकमेकांना "मिस्टर प्रेसिडेंट, जरा सॅंडपेपर द्या" असं म्हणायला लागले. फादींनी केसांचा एक टोप घालून बायकोला व्हिडिओ कॉल केला. तिनं ओळखलं नाही आणि फोन ठेवला. मग त्यांनी दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं.

टोपांचा वेगळाच घोळ. पांढरे कुरळे टोप मागवले होते चौदा, आले तेरा. सप्लायर म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." मी मिस डोरोथींना फोन केला. त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस. त्या काळी बरेच जण टोप घालायचेच नाहीत. स्वतःच्या केसांना पावडर लावून मागे बांधायचे." सावंतांनी लगेच सिसल काढलं. सिसल म्हणजे काथ्यासारखा पांढुरका धागा. जिप्समच्या कामात मजबुतीला घालतात. ते विंचरून, पाण्यातला गोंद लावून, मागे काळी रिबीन बांधून त्यांनी चौदा नंबरला असे केस केले की बाकीचे तेरा त्याच्यापुढे नाटकातले वाटायला लागले.

"ह्याका तेल लावूचा नाय," त्यांनी पोरांना बजावलं. "राष्ट्राध्यक्ष आसा."

फोटोवाल्यांचं नवं डोकं दुसऱ्या खेपेला नीट निघालं. रंग झाला, धडावर चढलं. नाक अर्थातच कुडाळचं. पण या सगळ्यात ट्रकची वेळ गेली. इथल्या मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी ट्रकला बंदी असते. आणि उद्घाटन त्याच दिवशी संध्याकाळी. प्लॅटफॉर्म, पडदा आणि खुर्च्या आदल्या दिवशीच शाळेत लागल्या होत्या. राहिले होते फक्त अध्यक्ष.

मी वर्कशॉपच्या दारात उभी होते. समोर आमची कामगारांची बस उभी होती. ड्रायव्हर गुलखान टायर बघत होता. पुतळे बसलेल्या अवस्थेत होते. बसला सीट्स होत्या. सावंतांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सावंतांकडे.

"होतला," सावंत म्हणाले.

आम्ही एकेकाला बसमध्ये चढवलं. दोन जण खांद्याला, एक जण पायाला. गुलखान दारात उभा राहून प्रत्येकाला "आइए जनाब" म्हणत होता. सीटबेल्ट लावले. टोप हलू नयेत म्हणून डोक्यांना पातळ प्लास्टिक गुंडाळलं. एसी फुल. पुढच्या सीटवर मी, मागे सावंत, मध्ये स्वतंत्र अमेरिकेचं अख्खं सरकार.

हायवेवर शेजारच्या गाडीतली मुलं आम्हाला बघून किंचाळली. एका टॅक्सीवाल्यानं हात कपाळाला लावून सलाम केला. एका सिग्नलपाशी पोलीसदादांनी बस बाजूला घ्यायला सांगितली. तरुण मुलगा होता. आत चढला. प्लास्टिक गुंडाळलेल्या चौदा म्हाताऱ्यांकडे बघून थांबला.

"हे कोण?"

"अमेरिकेचं सरकार," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"सगळं?"

"जुनं. आताचं नाही."

तो सीटांच्या मधून शेवटपर्यंत चालत गेला. परत आला. चेहरा गंभीर ठेवायचा त्याचा प्रयत्न चालला होता. "बेल्ट सगळ्यांनी लावलेत," तो म्हणाला. "व्हेरी गुड. यल्ला, जा." आणि उतरल्यावर मात्र तो पाठ फिरवून, खांदे हलवत हसला. मी आरशात पाहिलं.

शाळेत पोचलो. बोल्ट लावले, प्लास्टिक काढलं, कोट झटकले. दिवे लागले आणि आम्ही सगळे चार पावलं मागे सरकून बघायला लागलो. चौदा माणसं खरोखरच सभेला बसली होती. कुणी ऐकतंय, कुणी कंटाळलंय, चार नंबर दाराकडे बघतायत. मिस डोरोथी एकेकासमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला नावानं हाक मारून "गुड इव्हिनिंग" म्हणाल्या. त्यांना चौदाही नावं न बघता येत होती. मग त्यांनी मला मिठी मारली. माझ्या शर्टला रेझिन होतं, ते त्यांच्या ठेवणीतल्या रेशमी स्कार्फला लागलं. त्या म्हणाल्या, "असू दे, आठवण."

पालक जमले. मुलं जमली. मिस्टर ब्रॅडली आले आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. उंच, आणि उंचीला शोभेल असा घेर. दारातून आत येताना त्यांनी मान वाकवली. त्यांच्या बाजूला नबील लगबगीनं चालत होते.

ब्रॅडलींनी सगळ्या रांगेवर नजर फिरवली.

"मी जन्मभर अमेरिकेत राहिलो," ते म्हणाले. "न्यायाधीश होतो. यातला एकही माणूस मी ओळखत नाही."

नबीलांचा चेहरा कागदासारखा झाला. फादी माझ्या कानात म्हणाले, "कार्पेट."

"सर, आता ओळख करून देते," मिस डोरोथी म्हणाल्या.

"जरूर. पण माझा गुडघा दुखतोय. बसून ऐकतो."

आणि ते सरळ प्लॅटफॉर्मवर चढले आणि अकरा आणि बारा नंबरच्या मध्ये, रिकाम्या खुर्चीत बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, ठरवूनच केलंय. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला खुर्चीचा आवाज ऐकू आला होता. एमडीएफ तुटायच्या आधी बारीक करकरतं. घसा खाकरल्यासारखं.

त्यांना उठा म्हणणार कसं? सगळे मोबाईल त्यांच्यावर रोखलेले. मी मागे वळले. सावंत जागेवर नव्हते. ते आधीच पडद्यामागे पळत होते. मी त्यांच्या मागे.

पडद्यामागून खुर्चीची उघडी बाजू दिसत होती. आत बघितलं तर सीटच्या खालची पट्टी वाकून धनुष्य झालेली. सावंतांनी खाली बसून दोन्ही हात सीटला लावले.

"हातान नाय जमूचा," ते दात आवळून पुटपुटले. "जॅक!"

बस हॉलच्या मागच्या दाराशीच लावलेली होती. मी धावले. "गुलखान, जॅक!"

"पंक्चर हुआ मॅडम?"

"प्रेसिडेंट पंक्चर हो रहा है!"

एकही प्रश्न न विचारता तो बसचा जॅक घेऊन आला. सावंतांनी जॅक खुर्चीच्या पोटात सरकवला, वर फळीचा तुकडा ठेवला आणि गुलखाननं दांडा मारायला सुरुवात केली. कट्. कट्. पट्टी सरळ झाली. करकर थांबली. मी पडद्याच्या फटीतून पुढे बघत होते.

मिस डोरोथी पाहुण्यांना किल्लेवाल्यांची गोष्ट सांगत होत्या. त्यांनी तो आवाज ऐकला असावा. त्यांचा आवाज एकदम चढला आणि समुद्रात तोफा उडायला लागल्या. मुलं खूश.

"बस का?" गुलखाननं खुणेनं विचारलं.

"अजून जरा," सावंत म्हणाले. "सेफ्टी."

कट्. कट्. कट्.

मिस्टर ब्रॅडली हळूहळू वर जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आधी अकरा नंबरच्या खांद्याला त्यांचा खांदा होता. मग त्यांचा खांदा त्याच्या कानाला लागला. बुटांच्या टाचा उचलल्या गेल्या. त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"मिस डोरोथी," ते म्हणाले, "तुमच्या गोष्टी ऐकून मला उंच झाल्यासारखं वाटतंय."

हॉल हसला. पडद्यामागे सावंतांनी तोंडात रुमाल कोंबला. गुलखान भिंतीला टेकून थरथरत होता. मी जमिनीवर बसले, कारण उभं राहणं शक्यच नव्हतं.

"आणि ही खुर्ची कुणाची?" पाहुण्यांनी विचारलं.

"जे अध्यक्ष निवडून आले आणि कामावर आलेच नाहीत, त्यांची."

ब्रॅडली इतके हसले की मी जॅकला हात जोडले. "माझ्या कोर्टात असे पुष्कळ होते," ते म्हणाले. मग त्यांनी चौदाही जणांची गोष्ट तिथेच बसून ऐकली. एकही सोडली नाही. शेवटी उतरताना त्यांना छोटीशी उडी मारावी लागली. उडी मारून त्यांनी जाहीर केलं की हा हॉल असाच राहील, कायमचा, आणि पुढच्या खेपेला ते नातवंडांना घेऊन येतील.

मला वाटलं, सुटलो, म्हणून पडद्याबाहेर आले. पण त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसायला रांग लागली. सगळ्यांत पुढे कोण, तर मिस्टर नबील. त्यांच्यामागे पालक आणि जवळजवळ पूर्ण शाळा.

पडद्याच्या खालून सावंतांचा आवाज आला, "मॅडम, किती माणसा आसत?"

"सगळी."

"मग जॅक हयच ऱ्हवांदे."

राहिला. गुलखाननं त्या दिवशी बस जपून चालवली, कारण टायर गेला असता तर काढायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जाऊन खुर्चीत स्टील घातलं आणि त्याचा जॅक त्याला परत केला. लायब्ररीचं काम आम्हाला मिळालं. नबील आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात की रिकाम्या खुर्चीची कल्पना त्यांची होती. मिस डोरोथी अमेरिकेला गेल्या. जाण्याआधी त्या वर्कशॉपमध्ये निरोप घ्यायला आल्या होत्या. सावंतांशी त्यांनी हात मिळवला आणि विचारलं, "खरं सांगा, ते वर कसे गेले?" सावंतांना इंग्रजी कळलं नाही आणि मी भाषांतर केलं नाही.

आमच्या लाईनमध्ये ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डिस्प्ले ओन्ली' असं लिहितात. म्हणजे वस्तू बघायची, वापरायची नाही. मी ते लिहिणं सोडून दिलंय. लोक पुतळ्याला हात लावत नाहीत, चित्राला लावत नाहीत, पण खुर्ची रिकामी दिसली की कुणीतरी बसतंच. त्यामुळे आता कुठल्याही प्रोजेक्टमध्ये रिकामी खुर्ची आली, तर मी आधी तिच्यात लोखंड घालते आणि मग विचारते, कुणाची आहे.